डोळे बांधल्याशिवाय

१

तुमच्या घरात सकाळचा पहिला चहा कोणाच्या हातात जातो, हे तुम्ही कधी लक्ष देऊन पाहिलं आहे का?

नसेल पाहिलं. मीही पाहिलं नव्हतं. एकवीस वर्षं तो माझ्याच हातात येत होता. आमच्याकडे सकाळचा चहा माझे यजमान करतात. ते चष्म्याच्या दुकानात काचा घासतात, आणि त्यांना उजाडायच्या आधीच जाग येते. तीन कप ओतायचे, पहिला मला द्यायचा आणि म्हणायचं, "घ्या सरकार." मी म्हणायचं, "ठेवा तिकडे." हा विनोद लग्नानंतरच्या पहिल्या आठवड्यातला. तो कधीच विटला, पण आम्ही दोघांनी सोडला नाही.

दुसरा कप माझ्या धाकट्या बहिणीचा. ती शिंप्याच्या दुकानात काज-बटणं करते आणि लग्न न झाल्यामुळे आमच्याकडेच राहते, आतल्या छोट्या खोलीत. तिसरा कप यांचा. मुलगी चहा पीत नाही. तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी बसत नाही. एकोणीस वर्षांची झाली तरी घरात शिरली की आधी माझ्या मांडीवर डोकं टाकते, मग चप्पल काढते. धाकटी म्हणते, "हिला सासरी पाठवताना तुझी मांडी बरोबर बांधून द्यावी लागणार."

एवढंच आमचं घर. दोन खोल्या, एक छोटी खोली आणि चार माणसं. जे घडलं ते याच घरात घडलं. कोणी मेलं नाही, काही फुटलं नाही, शेजाऱ्यांना काही ऐकू गेलं नाही.

२

मी संग्रहालयात काम करते. फरशी पुसणाऱ्या बायका वेगळ्या. मी मूर्तींवरची धूळ काढते. आमच्या मॅडम म्हणतात, तुझा हात हलका आहे म्हणून तुला ब्रश दिला.

गेल्या वर्षी वरच्या मजल्यावर नवं दालन झालं. देशोदेशींच्या प्रेमाच्या देवता, एकूण सात. पोपटावर बसलेला मदन आपल्या ओळखीचा. त्याच्या शेजारी पंखवाला मुलगा, त्याच्याही हातात धनुष्य. मग गाईचे कान असलेली एक बाई. हातात आरसा घेतलेली नदीची देवी. मांजरांच्या गाडीत बसलेली एक. लाल दोऱ्याने नवरा-बायकोचे पाय बांधणारा एक म्हातारा. आणि सगळ्यांत शेवटी, कोपऱ्यात, सिंहावर पाय ठेवून उभी असलेली ती.

मॅडमनी पहिल्या दिवशी आम्हाला सगळ्यांची ओळख करून दिली. सिंहवालीपाशी येऊन म्हणाल्या, "ही प्रेमाची देवी आणि लढाईचीही."

माझ्याबरोबर काम करते तिला आम्ही ठसका म्हणतो, धुळीने तिला सारखा ठसका लागतो म्हणून. ती म्हणाली, "मॅडम, ही दोन्ही कामं एकाच बाईकडे कशी?"

"तुझं लग्न झालंय ना? मग मला काय विचारतेस?"

आम्ही हसलो. ठसका मदनाकडे बोट दाखवून म्हणाली, "या बिचाऱ्याला कोणीतरी जाळून टाकलं. हिला जाळायला गेलं असतं कोणी, तर तोच घरी परत गेला नसता."

त्या सातांतल्या तीन देवींचे डोळे वेगळे बसवलेले होते, सिंहवालीचेही. पांढरं शिंपल्याचं, बाहुली काळ्या दगडाची, आणि ते जुन्या राळेने चिकटवलेलं. ब्रशचा केस अडकला तर बाहुली निखळून येईल, म्हणून नियम होता की आधी डोळ्यांवर मऊ कापडाची पट्टी बांधायची, मगच ब्रश लावायचा. काम दोघींनी मिळून करायचं. जी पट्टी बांधते तिने "बांधले" म्हणायचं. ब्रशवालीने ते ऐकून परत "बांधले" म्हणायचं, आणि मगच हात लावायचा. शेवटी तसंच "सोडले" आणि "सोडले". दर सोमवारी, संग्रहालय बंद असताना, आमचं हे चालायचं.

३

त्या सोमवारी सकाळी धाकटी चहा पिता पिता म्हणाली, "ताई, तो गेला."

"कोण?"

"मोजणी खात्यातला. त्याची बहीण काल दुकानात आली होती, ब्लाउजला बटणं लावायला. बोलता बोलता कळलं. दोन महिने झाले. लग्न नव्हतं केलं त्याने."

हे कप विसळायला गेले.

धाकटी कपात बघत म्हणाली, "बदली झाल्यावर येतो म्हणाला होता. एकदा यायला हवं होतं त्याने, ताई. नुसता दारात येऊन उभा राहिला असता, तरी मी अंगावरच्या कपड्यांनिशी निघाले असते." मग तिने डोळे पुसले आणि डब्याचं झाकण लावायला उठली.

तो आला होता.

भिंगरी तेव्हा पोटात होती. सातवा महिना, आणि डॉक्टरांनी मला पडून राहायला सांगितलेलं. धाकटी माझी औषधं आणायला गेली होती. दुपारी दार वाजलं, मी भिंतीला धरत जाऊन उघडलं, तर तो उभा. हातात पेटी होती. त्याने एक चप्पल काढलीसुद्धा. मी दार अर्धंच उघडं ठेवलं आणि म्हणाले, "तिचा विचार बदलला आहे. ती नाही म्हणाली. पुन्हा येऊ नका." मग काढलेली चप्पल त्याने परत घातली.

धाकटी गेली असती तर माझं कोण बघणार होतं? स्वयंपाक कोणी केला असता, बाळाला कोणी न्हाऊ घातलं असतं? बाळंतपण उरकलं की सांगू, असं मी ठरवलं होतं. मग बाळाला दात आले, मग ते चालायला लागलं, आणि ते सांगणं एकोणीस वर्षं राहून गेलं.

त्या दिवशी ठसका आली नव्हती, तिचा नातू आजारी होता. मी एकटीनेच दालन घेतलं. मला कामात बोलायची सवय आहे. दुसरं कोणी नसलं की मूर्तींशी बोलते. पहिल्या सहा होईपर्यंत इकडचं तिकडचं बोलत होते. शेवटच्या कोपऱ्यात आले, स्टुलावर चढले, "बांधले" म्हणाले, आणि ठसका नव्हती म्हणून मीच पुन्हा "बांधले" म्हणाले.

मग तिच्या खांद्यावरून ब्रश फिरवता फिरवता मी सगळं सांगितलं. दार, पेटी, चप्पल. आयुष्यात पहिल्यांदा तोंडातून काढलं. सांगताना हलकं वाटत होतं, खरं सांगते. शेवटी म्हणालेही, "पण मला माझं बाळ हवं होतं ना गं. तू बाई आहेस, तुला कळेल."

"सोडले" म्हणायला मान वर केली, तेव्हा पट्टी माझ्या ॲप्रनच्या खिशातच होती.

तिचे डोळे उघडे होते. तसे ते आठवड्याचे सहा दिवस उघडेच असतात, लोक तिकीट काढून बघतात. तरी मी स्टुलावरून खाली उतरताना पाठ करून उतरले नाही. मागे मागे पाऊल टाकत उतरले.

४

तिसऱ्या दिवशी यांनी पहिला कप धाकटीला दिला.

"घ्या सरकार," हे म्हणाले.

"ठेवा तिकडे," धाकटी म्हणाली आणि कप घेतला.

मी हसले. मला वाटलं दोघं माझी चेष्टा करताहेत. पण माझ्याकडे कोणी बघतच नव्हतं. दुसरा कप हे माझ्यापुढे ठेवून गेले, कपाचा कान माझ्याकडे वळवून, पाहुण्याला ठेवतात तसा.

"अहो, झोपेत आहात का?" मी म्हणाले.

हे थबकले आणि जरा अवघडून बोलले. "साखर कमी पडली का, ताई?"

एकवीस वर्षांत यांनी मला एकदाही ताई म्हटलं नव्हतं. धाकटी मला ताई म्हणते, तिचं ऐकून तोंडात आलं असेल, असं मी मनाला समजावलं. माणसाची जीभ वळते. मी स्वतः भिंगरीला कितीदा धाकटीच्या नावाने हाक मारते.

त्या आठवड्यात अशी खूप समजूत घातली मी मनाची. कपाटात माझ्या कप्प्यात धाकटीचे कपडे होते. इस्त्रीवाल्याकडून आले तेव्हा कोणीतरी उलटसुलट ठेवले असतील. माझे छोट्या खोलीत सापडले, नीट घडी घालून, खाली जुना वर्तमानपत्राचा कागद अंथरलेला. तो कागद पिवळा पडून कडांना तुटत होता. कपडे कालच ठेवले असले, तर खालचा कागद इतका जुना कसा, हे मी स्वतःला विचारलं आणि कपाट लावून टाकलं.

धाकटी यांना भाऊजी म्हणायची. एका संध्याकाळी तिने आतून हाक मारली, "अहो, जरा इकडे येता का?" आणि हे गेले.

ऐकताना मला राग आला असता तर बरं झालं असतं. दोघांचं काही चोरटं असतं तर मी भांडले असते, घर डोक्यावर घेतलं असतं. पण त्यांच्यात चोरटं काहीच नव्हतं. ती यांच्या सदऱ्याचं बटण लावत होती, हे वर्तमानपत्र वाचत होते, आणि मी आत गेल्यावर दोघंही सरकून मला जागा देत होते.

५

सोमवारी ठसका आली. मी तिला म्हणाले, "ठसके, एक विचारू? माझ्या लग्नाला तू होतीस ना?"

तिने ब्रश खाली ठेवला. "कोणाच्या?"

"माझ्या."

"या वयात ठरवलंस की काय?" ती हसली, मग ठसका लागला, मग पाणी प्यायली. "कर बाई. मला बोलाव म्हणजे झालं. आणि हो, तुझ्या मेहुण्यांनी चष्मा झकास करून दिला. माझा निरोप सांग त्यांना."

मी घरी आले आणि भिंतीवरचा फोटो खाली काढला. भिंगरीच्या पहिल्या वाढदिवसाचा, स्टुडिओत काढलेला. त्या दिवसाचं मला सगळं आठवतं. ती माझ्या मांडीवर होती आणि तिने माझा कान घट्ट धरला होता. फोटोत ती धाकटीच्या मांडीवर होती. धाकटीचा कान तिच्या मुठीत होता. मी मागे उभी होते, सगळ्यांच्या मागे, कडेला, आणि छान हसत होते.

भिंगरीचा शाळेचा दाखला काढला. आईच्या नावाच्या रकान्यात धाकटीचं नाव होतं. शाई फिकट झालेली.

डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, या वयात बायकांना असं होतं, झोप होत नाही, विसरायला होतं. गोळ्या दिल्या. मी विचारलं, "डॉक्टर, विसरणं ठीक आहे. पण जे झालंच नाही ते इतकं आठवतं का?" त्यांनी वही मिटली आणि म्हणाले, "घरी कोणी काळजी घ्यायला आहे ना?"

दोन गोष्टी मात्र माझ्याकडे होत्या. एक म्हणजे पोटावरची टाक्यांची खूण. भिंगरी पोट कापून झाली होती. रोज अंघोळीला मी त्यावर बोट फिरवायचे, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दुसरी भिंगरी स्वतः. ती अजून मला आई म्हणत होती. घरातली बाकी सगळी उलथापालथ तिच्या अंगावरून वाहून गेली होती जणू. ती यायची, मांडीवर डोकं टाकायची आणि म्हणायची, "आई, डोकं दाब." त्या वेळी धाकटी आणि हे दोघंही दुसरीकडे बघायचे. भिंगरीला कोणी टोकलं नाही. वेड लागलेल्या माणसाच्या समजुतीसाठी पोरगी काहीतरी बोलते आहे, असं त्यांना वाटत असावं.

मग मला वाटलं, जिचं आहे तिला सांगून टाकावं. मूर्तीला सांगून काय उपयोग होता? सांगायला हवं होतं धाकटीला. तिने मारलं तर मार खाईन, थुंकली तर पुसेन.

रविवारी दुपारी ती भाजी निवडत होती. मी समोर बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. तो आला होता. मी परत पाठवला. तुझं आयुष्य मी घेतलं.

तिचे हात थांबले नाहीत. "कोण आला होता, ताई?"

"मोजणी खात्यातला. पेटी घेऊन."

"मोजणी खात्यातलं माझ्या ओळखीचं कोणी नाही गं." ती खरंच आठवून बघत होती. कपाळाला आठ्या घालून. "माझं तर सरळ ठरवून झालं. यांचं स्थळ आलं, आणि तू मागे लागलीस म्हणून मी हो म्हटलं. आठवत नाही?"

"धाकटे, माझ्याकडे बघ. मला शिव्या दे. माफ करू नकोस, पण निदान एकदा रागाव."

तिने भाजीची परात बाजूला सरकवली आणि माझा हात हातात घेतला. इतक्या मायेने की मला तो ओढून घ्यावासा वाटला.

"तुझ्याकडे कोणी आलं असतं ना, ताई," ती म्हणाली, "तर मी स्वतः तुझी पेटी भरून दिली असती."

त्या क्षणी मला समजलं की हा कशाचा सूड आहे. यात गोंधळ नव्हता, आजार नव्हता. मी जेवढं घेतलं होतं तेवढंच कोणीतरी माझ्याकडून काढून घेत होतं, एकेक करून, अजिबात घाई न करता. आणि क्षमा करू शकेल असं जे एकच माणूस जगात होतं, त्याच्याकडे क्षमा करण्यासारखं काही उरू दिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीला पोटावर बोट फिरवलं. कातडी गुळगुळीत होती. मी दिवा लावून बघितलं, आरसा धरून बघितलं. कधी कोणाला जन्म न दिलेलं पोट होतं ते.

६

सोमवारच होता. ठसका बादली भरायला खाली गेली, तेवढ्या वेळात मी सरळ शेवटच्या कोपऱ्यात गेले. खिडकीतून स्वच्छ ऊन येत होतं. बाहेर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याचा आवाज येत होता. मी स्टुलावर चढले. पट्टी आणलीच नव्हती.

"सगळं घेतलंस," मी म्हणाले. "नवरा घे, घर घे. मी छोट्या खोलीत राहीन, कोणाला काही बोलणार नाही. पण मुलगी माझी ठेव. तिचं यात काही नाही. तिला तेवढी सोड."

बोलताना माझ्या मनात आलं, तिला यात ओढलं कोणी होतं? पोटातल्या भिंगरीचंच तर कारण करून मी दार लावलं होतं.

गाडी धुण्याचा आवाज थांबला होता. दालनातले बाकीचे सहा माझ्या मागे होते, आणि मला मान वळवून बघायचं धाडस होईना. सहा जण श्वास धरून उभे राहिले की खोली जशी भरून जाते, तशी ती भरली होती.

मी तिच्या डोळ्यांत बघितलं. काळा दगड, मसुराच्या दाण्याएवढा, घासून गुळगुळीत केलेला. त्यात माझी सावली दिसेल, खिडकी दिसेल असं वाटलं होतं.

त्यात दार होतं. आमचं दार, बाहेरून दिसतं तसं, अर्धं उघडं. फटीत एक बाई उभी होती, एका हाताने भिंत धरून, दुसरा हात मोठ्या पोटावर. वय चोवीस-पंचवीस. तोंड माझंच होतं. ती माझ्याकडे बघत होती, दारात आलेल्या परक्या माणसाकडे बघावं तशी, आणि मी काही म्हणायच्या आत तिने मान हलवली. नाही.

मग दार बंद होऊ लागलं.

ठसका म्हणते, ती आली तेव्हा मी स्टुलाखाली बसले होते आणि माझी एक चप्पल पायात नव्हती.

मला लवकर घरी पाठवलं. संध्याकाळी भिंगरी आली. तिने माझ्या मांडीवर डोकं टाकलं, चप्पल पायातच ठेवून. "आई, आज किती थकलेय मी," ती म्हणाली. मी तिचं डोकं दाबत बसले. तिच्या केसांना घामाचा, बसमधल्या धुळीचा वास येत होता. ती मांडीवरच झोपली. पाय सुन्न झाले तरी मी हलले नाही. अंधार पडल्यावर धाकटी आली आणि तिला हळूच उठवून आत घेऊन गेली. जाताना भिंगरीने झोपेत मागे वळून बघितलं. मला बघितलं की मागची भिंत, ते सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता छोट्या खोलीच्या दारावर कोणीतरी टकटक केली. मी उघडलं. भिंगरी होती, अंघोळ करून, केस बांधून तयार. आत न येता ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "मावशी," ती म्हणाली, "आईने विचारलंय, आज डबा नेणार आहेस का?" मी हो म्हणाले.